चंद्रावरच्या निशाणाची कुळकथा

चंद्रावर पोचलेले पहिले राष्ट्रचिन्ह कापडाचे नव्हते, पोलादाचे होते. सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाचे 'लुना २' हे यान चंद्रावर आदळले. त्यात पंचकोनी तुकडे जुळवून केलेले गोळे होते आणि तुकड्यांवर सोव्हिएत राजचिन्ह कोरलेले होते. आदळताना गोळा फुटावा, तुकडे विखुरावेत, अशी योजना होती. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह लगोलग अमेरिकेला गेले आणि तशाच गोळ्याची प्रतिकृती त्यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हाती ठेवली. शीतयुद्धात याहून बोचरी भेट क्वचितच कोणी दिली असेल.

अमेरिकेने उत्तर दिले ते १९६९ मध्ये, 'अपोलो ११' मधून माणसे चंद्रावर उतरवून. चंद्रावर कोणती खूण ठेवावी हे ठरवायला 'नासा'ने समिती नेमली. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याचाही विचार झाला; ठरला तो अमेरिकेचाच. पण किल्ल्यावर निशाण चढले की किल्ला कोणाचा ते ठरते, हा जगाचा जुना रिवाज, आणि १९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर मालकी सांगायला मनाई केलेली. तेव्हा हा झेंडा राष्ट्राच्या अभिमानाचा आहे, ताब्याचा नव्हे, असे अमेरिकी काँग्रेसने कायद्यातच लिहिले. निशाणाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण, असे मला वाटते.

दुसरी अडचण चंद्राची होती. तिथे हवा जवळपास नाहीच, म्हणजे झेंडा काठीला लोंबणार. 'नासा'च्या ह्यूस्टन केंद्रातल्या जॅक किन्झलर यांना आईने शिवलेले पडदे आठवले. त्यांनी झेंड्याच्या वरच्या काठाला नेफा शिवून घेतला आणि त्यात लांबवता येणारी आडवी नळी घातली. झेंडा साधा, नायलॉनचा, तीन फूट बाय पाच फूट. तो यानाच्या शिडीला बांधून नेला. इंजिनाच्या धगीपासून वाचवायला त्यावर खास वेष्टन चढवले. प्रत्यक्षात अपोलो ११ चे अंतराळवीर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना ती नळी पूर्ण ताणता आली नाही. कापडाला चुण्या राहिल्या, म्हणून छायाचित्रात झेंडा फडकल्यासारखा दिसतो. काठीही जमिनीत काही इंचच गेली. परत निघताना इंजिनाच्या झोताने झेंडा आडवा झालेला ऑल्ड्रिन यांनी पाहिला. अपोलो १२, १६ आणि १७ चे झेंडे मात्र उभे असल्याचे २०१२ मध्ये त्यांच्या सावल्यांवरून कळले.

अपोलो ११ च्या वीरांनी आपल्या उतरण्याच्या जागी गागारिन आणि कोमारोव्ह या दिवंगत सोव्हिएत अंतराळवीरांची पदकेही ठेवली. ज्यांच्याशी शर्यत लावली, त्यांचा हा मान त्या झेंड्याइतकाच लक्षात ठेवायला हवा.

आपला तिरंगा पोचला १४ नोव्हेंबर २००८ रोजी. 'चांद्रयान-१' मधून सुटलेल्या आघात-कुपीच्या बाजूंवर तो रंगवला होता. ही कुपी सोडण्याची सूचना अब्दुल कलाम यांची. खाली जाता जाता तिच्यातल्या उपकरणाने चंद्राच्या विरळ वातावरणात पाण्याचे अंश टिपले. निशाणाबरोबर ज्ञानही नेणारा हा अभिमान मला फार जवळचा वाटतो.

चीनने २०२० मध्ये कापडी झेंडा उलगडला. २०२४ मध्ये 'चांग-अ ६' ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूला नेलेला झेंडा मात्र बेसाल्ट खडक वितळवून काढलेल्या धाग्यांचा होता. तिथल्या उन्हाने आणि थंडीने तो विरू नये, म्हणून.