चष्म्यावरची चकाकी : एका लहान प्रश्नाचा इतिहास



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत आपण साम्राज्यांचे उदयास्त ऐकता, संतांची चरित्रे ऐकता, अर्थशास्त्राचे तंटेही मोठ्या सोशिकपणाने ऐकून घेता. त्याच व्यासपीठावरून आज आम्ही चष्म्याच्या काचेवर पडणाऱ्या चकाकीचा इतिहास सांगणार, हे ऐकताच पुढच्या रांगेतील काही मंडळींनी एकमेकांकडे पाहून स्मित केले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्या स्मिताबद्दल आमची तक्रार नाही. एवढेच सांगतो की, स्मित करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नाकावर चष्मा आहे.

विषय आम्हांला सुचला तो एका तसबिरीमुळे. आमच्या लहानपणीच्या शाळेत एक गुरुजी होते. निवृत्तीच्या समारंभात त्यांचा फोटो काढला गेला. पुढे ते वारले तेव्हा त्यांचा म्हणून तेवढा एकच फोटो हाती आला. त्यात कोटाची घडी स्पष्ट होती, टोपीची कड स्पष्ट होती, हातातला नारळही स्पष्ट होता; डोळ्यांच्या जागी मात्र दोन रुपये ठेवावेत तशा दोन पांढऱ्या चकत्या होत्या. शाळेत तसबीर लावायची म्हणून कोणा कारागिराकडून त्या चकत्यांवर कुंचल्याने डोळे काढून घेतले. डोळे सुबक होते, पाणीदार होते. गुरुजींच्या पत्नींनी तसबीर पाहिली आणि त्या एवढेच म्हणाल्या, "चष्मा त्यांचाच आहे."

हे वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे मनात बाळगले आहे. माणूस निघून गेल्यावर त्याची जी नजर आपल्याजवळ राहायची, ती एका दिव्याच्या चुकीच्या जागेमुळे कायमची पुसली जाते. मग ही गोष्ट लहान कशी म्हणावी?

आधी कारण पाहू. ते समजायला विज्ञानशाळेत जाण्याची जरुरी नाही. कॅरमचा पट पुरे. सोंगटी कडेला ज्या कोनाने आपटते त्याच कोनाने पलीकडे परत फिरते. प्रकाशाचेही तसेच आहे, आणि हे भूमितीकारांना इसवी सनापूर्वीच ठाऊक होते. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला तर शंभरातील सुमारे ९६ भाग आत जातात आणि ४ भाग मागे फिरतात. चष्म्याच्या भिंगाला पृष्ठे दोन. तेव्हा परतावा सुमारे ८ भागांचा झाला. आजकालची पातळ, जास्त वक्रीभवनाची प्लॅस्टिकची भिंगे घेतली तर १.६७ वक्रीभवनांकाला एकेका पृष्ठावरून सहा भागांहून अधिक प्रकाश परत येतो. भिंग पातळ झाले, पण आरसेपणा वाढला! आठ भाग म्हणजे काही फार नव्हे. पण ते आठ भाग दिव्याचे आहेत आणि मागचा डोळा तर सावलीत आहे. दिवा काचेवरून उसळून थेट कॅमेऱ्यात शिरला की डोळा हरतो.

आता इतिहासाकडे वळू. चष्मा जन्मला तो इटलीत, इसवी सन १२८६ च्या सुमारास. चष्मा लावलेल्या माणसाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र त्रेव्हिझो गावच्या मठात आहे. तोमासो दा मोदेना याने ते १३५२ साली भिंतीवर रंगविले. गंमत अशी की, चित्रातले कार्डिनल ह्यू हे १२६३ सालीच, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीच, वारले होते. चित्रकाराने त्यांना विद्वान दाखवायचे म्हणून चष्मा चढविला. तात्पर्य, प्रारंभापासून चष्मा ही केवळ डोळ्यांची कुबडी नव्हती. ती माणसाच्या व्यक्तित्वाची खूण होती. आणि चित्रकाराला चकाकीची भीती नव्हती. जे दिसू नये ते तो रंगवीतच नव्हता.

कॅमेऱ्याला ही मुभा नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी ती हिंदुस्थानात येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. त्या काळी दिवा असा नव्हताच. उजेड म्हणजे दिवसाचा उजेड. म्हणून छायाचित्रकार आपल्या चित्रशाळेला उत्तरेच्या बाजूस उंच आणि तिरपे काचेचे छत करीत. ऊन आत येत नसे. मंद, स्थिर उजेड वरून आणि बाजूने उतरत असे. चष्म्याची काच जवळजवळ उभी असते. उंचावरून आलेला प्रकाश तिच्यावरून परत फिरला तो जमिनीकडे निघून जाई आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या वाटेला फारसा जात नसे. बैठकीचा माणूस कंटाळून जाई, मान स्थिर राहावी म्हणून मागे लोखंडी आधार लावावा लागे. परंतु त्याचे डोळे त्याच्याजवळ राहत.

पुढे सोय आली. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगती पूड निघाली, आणि रात्रीही चित्रे काढता येऊ लागली. १९२९-३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यात बंदिस्त झालेला झगमगाट आला आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी तो कॅमेऱ्यालाच जोडून घेतला. १९७५ साली जपानच्या कोनिका कंपनीने दिवा कॅमेऱ्याच्या पोटातच बसविला. आणि आज आपणां सर्वांच्या खिशात जो दूरध्वनी आहे, त्यात दिवा आणि भिंग अगदी अंगाला अंग लावून बसले आहेत. श्रोतेहो, या क्रमाकडे नीट पाहा. छताच्या उजेडात दिवा आणि भिंग यांच्यामधले अंतर हातांनी मोजावे लागे. पुढे ते वितीवर आले, मग चार बोटांवर आले, आता ते बोटभरही राहिले नाही. दिवा जसजसा भिंगाजवळ सरकला, तसतशी चष्मेवाल्याची नजर चित्रातून निघून गेली. कारण कॅमेऱ्याकडे सरळ पाहणाऱ्याच्या चष्म्यावर कॅमेऱ्याजवळून पडलेला प्रकाश परत जाणार कोठे? आला तेथेच! चष्मा नसलेल्यांचे डोळे फोटोत लालभडक दिसतात, तेही याच जवळिकीचे फळ. प्रत्येक पायरीला आपण म्हटले, "केवढी सोय झाली!" सोय झाली खरी, पण तिची किंमत कोणी मोजली, हे पाहायला आपण थांबलो नाही.

किंमत मोजली ती चष्मेवाल्याने. त्याला सांगण्यात आले, "चष्मा काढा." सिनेमाने वेगळी युक्ती काढली. मूकपटांच्या काळातला विनोदी नट हॅरल्ड लॉइड १९१७ सालापासून जाड कडांच्या गोल चष्म्याने जगभर ओळखला जाऊ लागला. त्या चष्म्यात काचाच नव्हत्या! चकाकीचा प्रश्नच मिटला. नटाला हे शोभून गेले, कारण त्याला चष्म्यातून पाहायचे नव्हते, चष्म्यात दिसायचे होते. पण ज्याला खरोखर दिसत नाही, त्याने काय करावे? चष्मा काढून बसलेल्या माणसाचा चेहरा आठवून पाहा. नाकावर दोन वळ, डोळे बारीक केलेले, नजर कोठे ठरत नाही. तो माणूस उघडा पडल्यासारखा वाटतो.

याच्या उलट एक चित्र आपल्या पुण्यातच घडलेले आहे. १९४६ साली डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असताना मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार त्यांचे चित्र घेण्यास आली. आधी चरखा चालवायला शिका, मग चित्र, अशी अट तिला घालण्यात आली आणि ती तिने मानली. गांधीजींना झगमगाट आवडत नसे, म्हणून तिला दिव्याचे तीनच गोळे वापरण्याची परवानगी मिळाली. तिचे पहिले दोन प्रयत्न वाया गेले. अखेर जे चित्र हाती आले, ते आज जगाला पाठ आहे. पुढे चरखा, मागे गांधीजी, मान खाली, हातातल्या कागदावर दृष्टी. वरच्या अंगाला खिडकी आणि तिच्यातून आलेला उजेड. चष्मा जागच्या जागी आहे आणि काचेवर चकाकीचा ठिपकाही खटकत नाही. उजेड बाजूचा आणि मागचा, भिंगे झुकलेली कागदाकडे. मग परतावा कॅमेऱ्याकडे यावा कसा? येथे म्हाताऱ्याला कोणी हलविले नाही. तो आपले काम करीत राहिला आणि छायाचित्रकाराला त्याच्या उजेडाशी जमवून घ्यावे लागले. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाला बोधचिन्ह हवे होते, तेव्हा गांधीजींचा चेहरा नव्हे, नुसता चष्मा पुरला. डॉ. बाबासाहेबांचे चित्र लहान मूल रेखाटते तेव्हाही ते चष्मा विसरत नाही. अशा माणसांना "चष्मा काढा" म्हणणे म्हणजे "जरा तुम्ही बाजूला व्हा, तुमचा फोटो काढायचा आहे" असे म्हणण्यासारखेच नाही काय?

दिव्याचा दोष काचेवरच निस्तरावा, असा प्रयत्न शास्त्रज्ञांनीही केला, आणि तो मोठा सुंदर आहे. १८८६ साली लॉर्ड रेली यांच्या ध्यानात आले की, जुनी, किंचित मळकट झालेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. इंग्लंडातील डेनिस टेलर यांना दुर्बिणीच्या जुन्या भिंगांत तेच आढळले, आणि १९०४ साली त्यांनी काच मुद्दाम 'जुनी' करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. १९३५ साली जर्मनीत झाइस कारखान्यातील स्माकुला यांनी निर्वात पेटीत काचेवर पातळ लेप चढविला. १९३८ साली अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीने काचेवर एका रेणूच्या जाडीचा एक, असे ४४ थर चढवून जवळजवळ अदृश्य काच तयार केली. केंब्रिजमधून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी ही पहिली स्त्री. युक्ती अशी की, लेपाच्या वरून परतणारी प्रकाशलहर आणि खालून परतणारी लहर यांचे चढउतार एकमेकांविरुद्ध यावेत आणि दोघींनी एकमेकींना शांत करावे. दोन भांडखोर शेजाऱ्यांना समोरासमोर घरे दिल्याने गल्लीत शांतता नांदावी, तसला हा चमत्कार! ब्लॉजेटबाईंचा थर पुसला की जात असे; पुढे निर्वातात चढविलेले टिकाऊ थर आले आणि कालांतराने ते चष्म्यापर्यंत पोहोचले. चांगला लेप असेल तर परतावा शेकडा एकाच्याही खाली येतो. आपल्या चष्म्यावर हिरवट किंवा जांभळट झाक दिसते ती याच लेपाची.

परंतु लेप दिव्याला हरवू शकत नाही. झगझगीत दिव्याचा शंभरावा हिस्साही डोळ्याला पुरून उरतो. काही जण ध्रुवित प्रकाशाची गाळणी सुचवितात. काचेवरून परतलेला प्रकाश ध्रुवित होतो हे मालुसने १८०८ साली पाहिले. पण ती गाळणी काचेला सुमारे ५६ अंशांनी तिरप्या पडणाऱ्या प्रकाशावर उत्तम चालते. समोरासमोरच्या चकाकीपुढे ती हतबल आहे. म्हणजे फिरून फिरून आपण कॅरमच्या पटावरच येतो.

आणि पटावरचे उत्तर फार सोपे आहे. दिवा उचला. तो डोक्याच्या चांगला वर आणि एका बाजूस न्या; भिंग थोडे फुगीर असते, म्हणून नुसता टिचभर सरकवून भागत नाही. फार वर नेलात तर चौकटीची सावली डोळ्यावर पडेल, तेव्हा बेताने. १९५९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली. असल्या चित्रशाळांत दिवे छताला टांगतात त्यामागे हेही एक शहाणपण आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचला, म्हणजे भिंग खाली झुकेल. भिंग पाच अंश झुकले तर परतणारा प्रकाश दहा अंश वळतो. आरशाचा हा जुना उदारपणा आहे. २०२० च्या साथीत आपण सर्वजण घरून पडद्यासमोर बसून बोलू लागलो, तेव्हा अनेकांनी भिंगाभोवती दिव्याचे कडे लावले, आणि त्यांच्या चष्म्यात दोन चंद्र उगवले. तेच कडे हातभर वर नेले असते तर चंद्र मावळले असते.

तरीही यंत्राचा हट्ट संपलेला नाही. १ नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेने पारपत्राच्या फोटोत चष्म्याला बंदी केली. ओळख पटविण्याच्या कागदाला काचेवरची चकाकी आणि कडांच्या सावल्या परवडत नाहीत, हे आम्ही समजू शकतो. सीमेवरच्या शिपायाला आपली नजर नको असते, आपली मोजमापे हवी असतात. पण घरातली तसबीर म्हणजे पारपत्र नव्हे. लग्नात, निरोपसमारंभात, नातवाला मांडीवर घेतलेल्या आजीसमोर उभे राहून जो फोटो काढतो, त्याने दोनच पावले टाकायची आहेत. एवढे श्रम माणसासाठी घेणे फार आहे काय?

या इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट शिकावीशी वाटते. यंत्र आणि माणूस यांची अडचण झाली, तर आधी यंत्राने सरकून पाहावे. आमच्या शाळेतली ती तसबीर अजून भिंतीवर आहे. तिच्याखालून जाताना आम्ही गुरुजींचे डोळे आठवू पाहतो, आणि आठवतात ते कुंचल्याचे डोळे. त्या दिवशी कोणी एकाने तो दिवा हातभर उचलला असता, तर आज आम्हांला त्यांची नजर आठवण्याचे कष्ट पडले नसते. ती तेथेच असती.

आता सभेअखेर अध्यक्षांसह सर्वांचा फोटो निघायचा आहे. कृपा करून कोणीही चष्मा काढू नये.