कोपराजवळील अल्नर नसेच्या दाबाचे निदान : वसई-विरार परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

करंगळी व तिच्यालगतची अर्धी अनामिका बधिर होणे, पकड सैल पडणे आणि कालांतराने बोटे वाकडी होणे ही अल्नर नसेच्या विकाराची प्रमुख लक्षणे होत. कोपराच्या आतील बाजूस ही नस हाडाच्या खोबणीतून, त्वचेच्या अगदी निकट जाते. कोपर आपटताच येणाऱ्या झिणझिण्या तिच्याच. वसई-विरारसारख्या परिसरात या लक्षणांच्या निदानामागे दोन इतिहास उभे आहेत : एक दाबाचा, दुसरा कुष्ठरोगाचा.

दाबाच्या निदानाची वाटचाल

कोपराच्या जुन्या विकारानंतर उशिरा उद्भवणाऱ्या अल्नर दुर्बलतेचे वर्णन पानास यांनी १८७८ मध्ये केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, दोन फ्रेंच वैद्यांनी साध्या चाचण्या दिल्या. तिनेल यांनी नसेवर टिचकी मारून झिणझिण्या पाहिल्या. फ्रोमां यांनी अंगठा व तर्जनी यांत कागद धरावयास सांगितला. स्नायू दुर्बल असल्यास अंगठ्याचे टोक वाकते. ऑसबोर्न यांनी १९५७ मध्ये नसेवरील तंतुमय पट्ट्याकडे लक्ष वेधले आणि १९५८ मध्ये फाइंडेल व स्ट्रॅटफर्ड यांनी ‘क्युबिटल टनेल’ ही संज्ञा रूढ केली. त्याच सुमारास नसेतील विद्युतवहनाचा वेग मोजण्याची पद्धतही विकसित झाली.

कुष्ठरोगनिदानाची परंपरा

महाराष्ट्रात हा अभ्यास निराळ्या वाटेने झाला. मुंबईत १८९० मध्ये अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठधाम उभे राहिले. पुढे जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विद्रूप अवयवांवर पुनर्रचना शस्त्रक्रिया केल्या. १९७६ मध्ये ‘बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट’ सुरू झाला. या परंपरेत निदानाचे मुख्य साधन यंत्र नव्हे, तर बोटे होत. दोन्ही कोपरांमागील नसा चाचपून जाडी व वेदना ताडून पाहिली जाते. कुष्ठरोगात ही सूज बहुधा कोपराच्या किंचित वर आढळते. सोबत त्वचेवरील बधिर चट्टाही शोधला जातो.

वहनतपासणी नसेतील अडथळ्याची जागा दाखविते. त्याचे कारण मात्र ती एकटी सांगत नाही. कुष्ठरोगास केवळ दाब समजल्यास मूळ औषधोपचार लांबतो. नसेची हानी सहा महिन्यांच्या आत लक्षात आल्यास स्टेरॉइड उपचाराने ती भरून येण्याची शक्यता अधिक असते. उलटपक्षी, साध्या दाबास कुष्ठरोग ठरविल्यास रुग्णास अकारण सामाजिक कलंक सोसावा लागतो.

समारोप

डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. रोग मात्र संपला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यातही तो नाहीसा झालेला नाही. रुग्ण विरळ झाले की नस चाचपण्याचा सरावही विरळ होतो. म्हणून येथे बधिर करंगळीचे निदान करताना यंत्राच्या आलेखाआधी वैद्याची बोटे कोपरामागे जाणे अगत्याचे ठरते.