राणीची वेळा

सिंधुदुर्गाच्या तटात एक बुटकी दिंडी आहे. वाकून बाहेर पडलं की पायाखाली ओंजळभर पुळण आणि पुढे समुद्र. हिला आम्ही राणीची वेळा म्हणतो. ताराराणी इथं समुद्रस्नानाला येत, असं जुने लोक सांगतात. गोष्ट एवढीच.

मे महिन्यात आमच्या होडीतल्या एका मुलीनं होडीवाल्याला विचारलं, "इथं राणीची काही लव्हस्टोरी आहे का?"

"नाय गो बाय, राणी हय न्हावक येय."

मुलगी हिरमुसली. मला मात्र चोरट्यासारखं झालं. तीस वर्षं मराठी शिकवताना ही अपेक्षा मीही पेरलेली.

हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' मी वर्गात वाचून दाखवायची. तिच्यातली कोंढाण्याची लढाई फेब्रुवारी १६७०ची. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाऊ महाराजांशी सोंगट्या खेळतात, डाव जिंकतात आणि कोंढाणा मागतात. तिथं बाई गड मागते. हरिभाऊंनी मात्र गडावर कमलकुमारी आणून ठेवली. सती जायला निघालेली रजपूत विधवा, तिच्यावर डोळा ठेवून तिला पळवून आणणारा उदयभानू. आता मावळे दोराला लटकतात तेव्हा वाचकाचा जीव गडात नाही, तिच्या अब्रूत अडकतो. पोरं श्वास रोखून ऐकायची. याच कादंबरीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला.

नवल याचं, की हेच हरिभाऊ 'पण लक्षात कोण घेतो'चे लेखक. केशवपनाचा घाव सोसलेल्या यमूला त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. इतिहासात शिरल्यावर मात्र त्यांची विधवा चितेकडे निघते आणि तिच्यावर जीव जडवायचं काम खलनायकाकडे जातं. विधवेवरचं प्रेम सज्जनाला शोभणारं नव्हतं ना!

आणि इतिहास? त्याच कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज वारले. त्यांच्या एक राणी, अंबिकाबाई, विशाळगडावर सती गेल्या. दुसऱ्या राणी ताराबाई, म्हणजे या वेळेवरच्या ताराराणी, मागे राहिल्या. वय जेमतेम पंचवीस, पदरात लहानगा मुलगा, दारात औरंगजेब. मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७०७ साली तो दख्खनेतच मेला. ज्या बाईनं स्वतः गड राखले, तिची अब्रू राखायला कादंबरीत कुणाला पाठवणार?

परतताना दिंडीत त्या मुलीनं पुन्हा वळून पाहिलं. "त्या एकट्याच यायच्या का हो?"

वर्गात कुणी हे विचारलं नव्हतं. मी काही सुचतंय का पाहत होते, तोवर होडीवाल्यानं हाळी दिली. भरती लागली होती. आम्ही दोघी वाकून आत शिरलो.