हिंगूळ ते मोनोमर: निर्धोक कवळीची कुळकथा

कवळी दिवसाचे कितीतरी तास हिरड्यांना आणि टाळूला चिकटून असते. खाली नाजूक, ओली त्वचा आणि भोवती सतत पाझरणारी लाळ. अशा जागी ठेवायचे द्रव्य जिवंत पेशींना मानवेल का, हा प्रश्न आज सर्वांत आधी सुचतो. इतिहासात मात्र तो फार उशिरा विचारला गेला. अठराव्या शतकात युरोपात कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दाताच्या कोरत आणि त्यांत कधी माणसांचे खरे दातही बसवत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत तर शिसेही होते. तेव्हा काळजी होती ती कवळी बसण्याची, टिकण्याची आणि कुजण्याची. हस्तिदंत लाळेत भिजून सडे, त्याला दुर्गंधी येई. त्या दुर्गंधीला कंटाळूनच पॅरिसजवळचे औषधविक्रेते द्युशातो चिनी मातीच्या कवळीकडे वळले आणि दंतवैद्य द्युबुआ द शेमाँ यांनी ती कल्पना पुढे नेली. थोडक्यात, पहिली सुधारणा नाकाने सुचवली. पेशींना कोणी विचारले नव्हते.

पेशींचा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला तो रबरामुळे. चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर पक्के करण्याचे अमेरिकी पेटंट 1844 मध्ये मिळाले, कडक रबराचे पेटंट त्यांचे भाऊ नेल्सन यांनी 1851 मध्ये घेतले आणि त्यातून आलेल्या व्हल्कनाइटने कवळी सामान्यांच्या आवाक्यात आणली. काळपट रबर हिरडीसारखे लाल दिसावे म्हणून त्यात हिंगूळ मिसळत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. कवळीखालची त्वचा लाल होऊन दुखू लागली की दोष हिंगुळातल्या पाऱ्याला दिला जाई आणि या दुखण्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या दंतवैद्यांत मोठा वाद झाला. पारा विषारी आहे, हे खरेच. पण हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पक्क्या रबरात कोंडलेल्या अशा कणांपेक्षा नीट न बसणारी, रात्रंदिवस तोंडात राहणारी, खरखरीत पृष्ठभागावर मळ साठवणारी कवळी अधिक संशयास्पद होती. कवळीखालच्या लाल टाळूच्या दुखण्यात कँडिडा या बुरशीचा मोठा वाटा असतो, हे आपण आज जाणतो. या वादातून एक धडा मिळतो: द्रव्यात काय आहे यापेक्षा त्यातून सुटून पेशीपर्यंत काय पोहोचते, हे पाहावे.

हा धडा ॲक्रिलिकला उलट्या दिशेने लागू पडतो. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे ॲक्रिलिक कवळीत आले आणि काही वर्षांतच त्याने व्हल्कनाइटला मागे टाकले. ते दिसायला हिरडीसारखे होते, त्याच्यावर काम करणे सोपे होते आणि त्यात पारा नव्हता. भुकटी आणि द्रव कालवून पीठ करायचे, साच्यात दाबायचे आणि उष्णतेने पक्के करायचे, ही त्याची रीत. हा द्रव म्हणजे मोनोमर. त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळ्या होतात, पण थोडे सुटेच राहतात. साखळी निरुपद्रवी असते, सुटा रेणू मात्र लाळेत उतरतो, पेशींना त्रास देतो आणि काहींना ॲलर्जीही करतो. घाई केली तर द्रव सुमारे 100 अंशांना उकळून पदार्थात पोकळ्या पडतात. म्हणून आधी 74 अंशांच्या आसपास कित्येक तास आणि शेवटी उकळत्या पाण्यात काही वेळ, अशी संथ रीत रूढ झाली. उष्णतेशिवाय, रसायनाने पक्क्या होणाऱ्या प्रकारात शिल्लक मोनोमर जास्त उरतो. आंतरराष्ट्रीय मानकानेही हा फरक मान्य केला आहे: उष्णतेच्या प्रकाराला 2.2 टक्के, दुसऱ्याला 4.5 टक्के अशी कमाल मर्यादा आहे.

पेशींना थेट विचारण्याचे साधनही विसाव्या शतकातच घडले. 1940च्या दशकात अमेरिकेत उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीपासून एल-929 ही पेशींची वंशावळ तयार झाली. ती आजही प्रयोगशाळांत वाढवली जाते. कवळीचा तुकडा पोषक द्रवात ठेवायचा, तो अर्क पेशींना द्यायचा आणि किती जगतात ते मोजायचे. 1983 मध्ये संशोधक मॉसमन यांनी मांडलेल्या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याला जांभळे करतात. मानकानुसार जगण्याचे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली गेले, तर त्या द्रव्यात पेशींना मारण्याची क्षमता आहे असे धरतात.

यावर रास्त आक्षेप आहे की प्रयोगशाळेतली बशी म्हणजे तोंड नव्हे. तोंडात त्वचेचे थर आहेत, लाळ सतत धुऊन नेते, तर बशीतली उघडी पेशी सगळा मार एकटीच झेलते. हे मान्य. म्हणूनच या चाचणीला पहिली चाळणी मानावे, शेवटचा निवाडा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोट्यवधी लोकांनी ॲक्रिलिकची कवळी वापरली, आणि याच द्रव्याचे भिंग नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये डोळ्यात बसवले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या आच्छादनाचे तुकडे तिथे शांत राहिल्याचे त्यांनी पाहिले होते. पण हे उदाहरण पूर्ण पक्क्या झालेल्या द्रव्याची ग्वाही देते. घाईत दुरुस्त केलेल्या, अर्धवट पक्क्या कवळीची ग्वाही त्यातून मिळत नाही.

म्हणून निर्धोकपणा हा द्रव्याच्या नावाला चिकटलेला गुण नाही, तो कवळी घडवण्याच्या रीतीत मिळवावा लागतो. आधीच पक्क्या केलेल्या ठोकळ्यातून यंत्राने कोरलेल्या कवळीत शिल्लक मोनोमर सहसा कमी सापडतो. त्रिमितीय छपाईयंत्रातून निघालेली कवळी मात्र नीट धुऊन आणि पुन्हा प्रकाशात ठेवून पूर्ण पक्की करावी लागते. जुन्या रीतीच्या कवळीलाही तोंडात जाण्याआधी एक दिवस पाण्यात ठेवले, तर सुट्या मोनोमरचा बराच भाग बाहेर पडतो. हिंगुळाच्या काळात संशय रंगावर गेला आणि कारण दुसरीकडे राहिले. आज कारण माहीत आहे, मोजताही येते. तेव्हा कवळी कशाची आहे एवढेच न विचारता ती किती वेळ आणि कशी पक्की केली, हेही विचारणे हा कवळी वापरणाऱ्याचा हक्क आहे.