सई परांजपे : दूरदर्शनच्या निर्मातीपासून चित्रपट दिग्दर्शिकेपर्यंत

सई परांजपे (जन्म : १९ मार्च १९३८) या मराठी व हिंदीतील नाट्य-चित्रपट दिग्दर्शिका आणि लेखिका आहेत. ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ या चित्रपटांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र त्याआधी अनेक वर्षे त्या दिल्ली दूरदर्शनमध्ये निर्माती होत्या. त्यांच्या पहिल्या दोन गाजलेल्या चित्रपटांची बीजेही तिथल्या कामातच आहेत.

घर आणि शिक्षण

सईंची आई शकुंतला परांजपे या अभिनेत्री, लेखिका आणि कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. वडील रशियन होते. आजोबा म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ते ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त असताना सईंच्या बालपणाचा काही काळ तिथे गेला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे ‘मुलांचा मेवा’ हे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. तिथे मुलांचे कार्यक्रम करताना केवळ आवाजातून गोष्ट उभी करण्याचा सराव झाला. १९६३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्या पदवीधर झाल्या.

दूरदर्शनमधला ‘निर्माता’ म्हणजे कोण?

चित्रपटात निर्माता म्हणजे पैसा लावणारा. दूरदर्शनमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे निर्माता हे पगारी पद. कार्यक्रमाची कल्पना मांडणे, संहिता लिहिणे किंवा लिहून घेणे, कलाकार निवडणे, ठरलेल्या खर्चात सगळे बसवणे आणि प्रत्यक्ष दिग्दर्शन करणे, ही कामे बहुतेक वेळा एकाच व्यक्तीकडे असत. स्टुडिओतल्या नाटकाच्या वेळी दोन-तीन कॅमेऱ्यांची दृश्ये समोर दिसत असताना कोणते दृश्य केव्हा घ्यायचे, हे नियंत्रण कक्षात बसून त्या क्षणी ठरवावे लागे. सुरुवातीच्या काळात बरेच कार्यक्रम थेट प्रसारित होत. चूक झाली तर ती तशीच प्रेक्षकांना दिसे.

स्त्रियांच्या दृष्टीने या पदाचे महत्त्व मोठे होते. त्या काळी हिंदी चित्रपटसृष्टीत स्त्री दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. स्त्रीच्या दिग्दर्शनावर पैसा लावायला तयार होणारा माणूस मिळणेच कठीण. दूरदर्शनमध्ये पैशाची व्यवस्था संस्थेची असे आणि निर्मातीला दर वेळी नवे काम करून दाखवता येई. मुंबई केंद्रावर सुहासिनी मुळगावकर यांनीही ‘सुंदर माझं घर’सारख्या कार्यक्रमांतून आपली ओळख निर्माण केली. पुढे १९८२ मध्ये विजया मेहता यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर ‘स्मृतिचित्रे’ ही टेलिफिल्म केली.

टेलिफिल्मपासून चित्रपटापर्यंत

१९७२ मध्ये सईंनी ‘द लिटल टी शॉप’ ही टेलिफिल्म केली. तिला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठीही त्यांचीच निवड झाली होती.

याच काळात त्यांनी मुलांसाठी ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे चित्रपट केले. बालचित्र समितीचे अध्यक्षपद त्यांनी दोन वेळा सांभाळले.

अंध मुख्याध्यापक आणि डोळस स्त्री यांच्या नात्यावरचा ‘स्पर्श’ आधी ‘रैना बीती जाए’ या नावाने दूरदर्शनसाठी झाला होता. दिल्लीतल्या तीन मित्रांची गंमत सांगणारा ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हाही आधी ‘धुआँ धुआँ’ या नावाने छोट्या पडद्यावर येऊन गेला होता. थोड्या पात्रांची, घरातली, बोलण्यातून उलगडणारी गोष्ट सांगण्याची सवय टीव्हीमुळे लागलेली होती. मोठे सेट किंवा मारामारी नसतानाही हे चित्रपट चालले, त्यामागचे एक कारण हेच. सत्ताविसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, सईंना पटकथेचा आणि नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. चाळीतली गोष्ट सांगणारा ‘कथा’ (१९८३) मात्र रंगभूमीवरून आला. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर तो आधारलेला आहे.

प्रेक्षक किती दूरपर्यंत होता?

सईंच्या सुरुवातीच्या टीव्ही कामाची आठवण कमी लोकांना असण्याचे कारण तांत्रिक आहे. १९७० च्या दशकात प्रक्षेपण मोठ्या शहरांच्या आसपासच दिसे. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटरवर असलेल्या मलकापूरचेच उदाहरण घ्या. रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरे, पण मुंबई केंद्राचा कार्यक्रम मलकापूरच्या घरात दिसत नसे. चित्रपट मात्र तिथल्या टॉकीजपर्यंत येऊ शकत होता. त्यामुळे महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला सई परांजपे आधी चित्रपटातूनच भेटल्या.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले आणि त्यानंतर लहान शहरांतही प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून मालिकांचे युग सुरू झाले. सईंनीही अमोल पालेकर यांना घेऊन ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि नंतर ‘छोटे बडे’ (१९८५) या मालिका केल्या.

नंतरची वाटचाल

खेड्यातून शहरातल्या गिरणीत येणाऱ्या माणसांवरचा ‘दिशा’ (१९९०) आणि ‘साज’ (१९९८) हे त्यांचे पुढचे चित्रपट. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘चूडियाँ’ (१९९३) या लघुपटाचा विषय महाराष्ट्रातल्या एका गावातील दारूबंदी चळवळ हा आहे. सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मराठी रंगभूमीवर ‘सख्खे शेजारी’ आणि ‘जास्वंदी’ ही त्यांची नाटके गाजली.

२००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘सय : माझा कलाप्रवास’ हे त्यांचे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपटांच्या यशामागे आकाशवाणी आणि दूरदर्शनमधली किती वर्षांची उमेदवारी होती, हे समजून घ्यायचे असेल तर हे पुस्तक वाचावे.