कलम चौथे

‘प्लेगच्या साली’ हा शब्दप्रयोग बेळगाव-धारवाडकडच्या जुन्या घरांतून अजूनही कानावर येतो. गावाला कुलूप घालून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहिलेल्या पणजोबांच्या गोष्टी मराठी घरात जशा, तशाच शेजारच्या कानडी घरातही. त्या गोष्टींत मेलेले उंदीर असतात, काखेतल्या गाठी असतात, घरात शिरणारे गोरे सोजीर असतात. राज्यकर्ते मात्र नसतात. ते का नसतात, याचे उत्तर एका लहानशा कायद्यात सापडते.

मुंबईच्या मांडवी भागात हा रोग सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखला तो गोव्याच्या हडफडे गावचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ऑक्टोबरच्या आरंभी महापालिका आयुक्तांनी रुग्णांना जबरीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम काढला. परिणाम काय झाला? इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती पसरली आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. लगोलग हुकूम सैल करावा लागला. जबरदस्तीने रोग हटत नाही, तो माजघरात दडतो, हा धडा सरकारला तेव्हाच मिळाला होता.

तरीही पुढच्या वर्षी तेच घडले. युरोपातील बंदरे हिंदुस्थानच्या मालाला आणि प्रवाशांना बंद होतील, ही भीती मोठी होती. या साथीचा विचार करण्यासाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. अवघी चार कलमे! दुसऱ्याने सरकारला हवे ते निर्बंध घालण्याची मुभा दिली, तिसऱ्याने ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरविली, आणि चौथ्याने सांगितले की या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. रयतेला शिक्षा आणि सत्तेला अभय, असा तो जमाखर्च होता.

मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांच्या हाताखाली सुमारे ९०० सैनिक घरोघर झडती घेऊ लागले. देवघरे, स्वयंपाकघरे, बायकांची दालने काहीच सुटले नाही. तक्रारअर्ज गेले, वृत्तपत्रांनी इशारे दिले. १८९६ चा मुंबईचा अनुभव समोर असताना याचा शेवट कशात होईल, हे मुंबई सरकारला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना दिसत नव्हते, असे म्हणणे कठीण आहे.

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. जखमी रँड ३ जुलैला मरण पावला. पुढचा हिशेब पाहण्यासारखा आहे. चापेकर फासावर गेले. ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवले. सैनिकांच्या अत्याचारांविषयी इंग्लंडात बोलल्याबद्दल, पुरावा देता येईना म्हणून गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. सँडहर्स्ट मात्र १९०० पर्यंत गव्हर्नर राहिले, पुढे इंग्लंडात राजदरबारी लॉर्ड चेंबरलेन झाले.

आणखी एक उदाहरण घ्या. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे एका बाटलीतील लशीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. तेव्हा ‘सद्‌हेतू’चे छत्र कामी आले नाही; हाफकिन पदावरून दूर झाले आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. जबाबदारी ठरवायची इच्छा असली की ती ठरवता येते, एवढे यावरून दिसते. ती कोणावर ठरवायची, हा मात्र निवडीचा प्रश्न असतो.

दुसरी वाट नव्हती असे नाही. १८९८ मध्ये हुबळीत प्लेग भडकला, तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात ३५ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली गेली. दडपण तिथेही होतेच. पण लस घेणाऱ्याला काही जाचक निर्बंधांतून सूट मिळे, म्हणजे माणसाला निदान काही निवडता येत होते. त्याच वर्षी मुंबईत दंगल झाल्यावर सरकारनेही सक्ती बरीच कमी केली. ही उपरती आधी झाली असती तर?

चौथ्या कलमाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. साथीत धावपळ करणारा डॉक्टर किंवा कारकून प्रत्येक पावलाला कोर्टाची धास्ती बाळगू लागला तर काम होणार नाही. परंतु खालच्या माणसाला दिलेले अभय वरच्या माणसाला आपोआप मिळावे काय? गडबडीत झालेली चूक वेगळी आणि आधी दिसलेले, सांगितलेले संकट डावलणे वेगळे.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. त्याच वर्षी दुरुस्ती होऊन वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली, ते योग्यच झाले. चौथे कलम मात्र जागच्या जागी राहिले. परका अंमल जाऊन सत्तर वर्षे उलटली होती, आणि सद्‌हेतूची ढाल आता आपणच निवडून दिलेल्यांच्या हाती होती.

प्लेगने हिंदुस्थानात पुढच्या पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्यांतले सगळे वाचले असते असे कोणीही म्हणणार नाही. पण कोणाला काय माहीत होते आणि ते माहीत असूनही त्याने काय केले, एवढे विचारण्याचा हक्क कोणत्याही कलमाने हिरावला जात नाही. कोर्टाचे दार बंद असेल, तर तो प्रश्न मतपेटीपाशी आणि इतिहासाच्या पानावर विचारावा लागतो. मराठीतून विचारा की कानडीतून.