करोना विषाणूचे नवे प्रकार व मृत्यूची जोखीम

कोविड-१९चा विषाणू माणसांत पसरताना सतत बदलतो. त्याच्या बदललेल्या रूपाला प्रकार किंवा व्हेरियंट म्हणतात. एखाद्या प्रकाराची लागण झालेल्यांपैकी ठरावीक मुदतीत, बहुधा २८ दिवसांत, किती जण दगावतात आणि आधीच्या प्रकाराच्या मानाने हे प्रमाण किती वाढते वा घटते, यावरून त्याची मृत्यूची जोखीम काढतात. ही जोखीम एकट्या विषाणूची नसते. रुग्णाचे वय, मधुमेहासारखे जुने दुखणे, लस, आधी होऊन गेलेली लागण आणि ऑक्सिजनची खाट किती लांब आहे, हे सारे तिच्यात मिसळलेले असते. नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात यांतली शेवटची बाब कमी महत्त्वाची मानता येत नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि मार्चमध्ये मराठवाडाही त्या लाटेत सापडला. नांदेड जिल्ह्यात २५ मार्च ते ४ एप्रिल अशी टाळेबंदी झाली. त्याच सुमारास, २४ मार्चला, महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. बी.१.६१७ या कुळातील बी.१.६१७.२ ही शाखा पुढे देशभर आणि मग जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी तिला डेल्टा हे नाव दिले. म्हणजे नाव मिळेपर्यंत मराठवाड्यातली लाट ओसरू लागली होती.

देगलूर-बिलोली मतदारसंघाचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे ९ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत कोविडने निधन झाले. ३० ऑक्टोबरला पोटनिवडणूक होऊन त्यांचे पुत्र जितेश अंतापूरकर निवडून आले. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील खासदार राजीव सातव हेही कोविडनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ मे रोजी पुण्यात वारले. या दोन मृत्यूंनी त्या भागात मोठी धास्ती पसरली, पण एखाद्या मृत्यूवरून प्रकाराचा धोका ठरत नाही. त्यासाठी जनुकीय क्रमनिर्धारण लागते आणि ते थोड्याच नमुन्यांचे होत असे. आरटीपीसीआरचा अहवाल लागण झाली एवढेच सांगे, आणि घरोघरी चौकशी होई ती छातीच्या सीटी स्कॅनचा ‘स्कोअर किती आला’ याची.

आकडे वाचताना सापेक्ष आणि प्रत्यक्ष जोखीम वेगळी धरावी. ब्रिटनमधील एका अभ्यासात डेल्टाआधीच्या अल्फा या प्रकाराची लागण झालेल्यांची इतर प्रकारांच्या रुग्णांशी जोडीजोडीने तुलना केली, तेव्हा मृत्यूची शक्यता ६४ टक्क्यांनी जास्त निघाली. प्रत्यक्षात हे प्रमाण हजारी २.५ वरून ४.१ झाले होते. पहिला आकडा घाबरवतो, दुसरा धीर देतो. खरे दोन्ही आहेत. डेल्टाबाबत ब्रिटनमध्ये रुग्णालयात भरती होण्याची जोखीम अल्फाच्या दुपटीहून अधिक आढळली. कॅनडातील ओंटारिओत डेल्टामुळे मृत्यूची जोखीम मूळ प्रकारांच्या दुपटीपुढे गेल्याचा निष्कर्ष निघाला.

हे आकडे जिथे खाट मिळत होती तिथले आहेत. बिलोलीतील गंभीर रुग्णाला अतिदक्षता उपचारांसाठी बहुधा नांदेड गाठावे लागे, विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा जिल्ह्याचा मोठा आधार होता. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले आणि ऑक्सिजनसाठी रेल्वेगाड्या धावू लागल्या. अशा दिवसांत दुखणे अंगावर काढून उशिरा निघालेल्या माणसाच्या जिवाला विषाणूइतकाच वाटेतल्या वेळाचाही धोका होता. मृत्यूची नागरी नोंद मृत्यू घडतो तिथे होते. त्यामुळे तालुक्याबाहेर दगावलेला बिलोलीकर स्थानिक दफ्तरात दिसत नाही. तालुक्याचा मृत्युदर मांडताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

लसीने चित्र पालटले. १ एप्रिल २०२१पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, म्हणजे लाट ऐन भरात असताना. कोव्हिशील्डच्याच सूत्राच्या लसीच्या दोन मात्रांनी डेल्टामुळे रुग्णालयात जाण्यापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण दिल्याचे ब्रिटनमध्ये दिसले. एप्रिलमध्ये पहिली मात्रा घेतलेल्याला त्या लाटेत हे पूर्ण संरक्षण मिळालेच नाही.

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी नाव मिळालेल्या ओमायक्रॉनची मृत्यूची जोखीम इंग्लंडमध्ये डेल्टापेक्षा ६९ टक्के कमी भरली. त्यावरून तो निरुपद्रवी ठरवणे चूक होते. २०२२च्या आरंभी हाँगकाँगमध्ये याच प्रकाराने वृद्धांचे मोठ्या प्रमाणावर बळी घेतले. मृतांतील साठीपुढच्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी एकही मात्रा घेतलेली नव्हती. डिसेंबर २०२३मध्ये सिंधुदुर्गात आढळलेला जेएन.१ हा ओमायक्रॉनचाच वंशज. तोवर बहुतेकांना लस किंवा लागण यांतून प्रतिकारशक्ती मिळाली होती. त्यामुळे त्याच्या सौम्यतेचे किती श्रेय विषाणूला आणि किती या प्रतिकारशक्तीला, याची फोड करणे अवघड झाले आहे.